शेवटच्याने फाटक लावायचं

लिफ्ट हलली नाही. तिने बटण दाबलं होतं, भाजीची पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवली होती आणि छताच्या जाळीत अडकलेल्या मेलेल्या माशीकडे बघत ती वर जायची वाट बघत होती, आणि लिफ्ट हलत नव्हती. वरच्या कुठल्यातरी मजल्यावरून कोणीतरी जाळीवर किल्ली आपटली. "दरवाजा लावा हो खाली!" लावलाय की, ती मनात म्हणाली. मोठ्याने म्हणण्यासाठी तिने मान वर केली आणि मग खाली आणली, कारण दरवाजा लावलेला नव्हता. जाळी चांगली हातभर उघडी होती, त्या फटीतून समोरच्या टपालपेट्या दिसत होत्या, जिन्यावरची सायकल दिसत होती. पण आवाज झाला होता. जाळी सरकत गेल्याची करकर, तिच्या शेवटी कडी बसल्याचा तो टक्, आणि टक्‌च्या मागोमाग, नेहमीसारखं, अर्धा श्वास सोडत,

लागलं.

लिफ्टच्या दरवाजाला असं कोणी म्हणत नाही. हा फाटकाचा शब्द, रविवारचा, मोकळ्या हवेतला. इमारतीत तो आजवर आला नव्हता. तिने हात पुढे करून जाळी ओढली. ओढताना झालेला आवाज मघाच्या आवाजासारखा नव्हता, जास्त कोरडा होता, मध्ये अडखळत होता, आणि कडी बसल्यावर कोणीही काही म्हणालं नाही. लिफ्ट निघाली. वरच्या मजल्यावर किल्लीवाला गृहस्थ उभा होता, तिला बघून ओशाळला. "अहो काकू तुम्ही होय. मला वाटलं पोरंटोरं." ती हसली. पिशवी उचलून बाहेर पडली. शनिवार होता. उद्या रविवार.

रविवारची कल्पना मुळात होकायंत्रांची. हे नाव त्यांना कौतुकाने मिळालेलं नव्हतं. जमीन-मोजणीच्या कार्यालयात जन्मभर नकाशे काढलेला माणूस, निवृत्त झाल्यावर पहिल्याच भटकंतीत सगळ्यांना टेकडीऐवजी विटांच्या भट्टीवर घेऊन गेला आणि तिथेही म्हणाला, की नकाशा बरोबर आहे, भट्टी चुकीच्या जागी आहे. तेव्हापासून होकायंत्र. त्यांच्यामागे डॉक्टर, दातांचे, बोलणाऱ्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघणारे. मग वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, जिच्याबद्दल डॉक्टर म्हणत, की हिचे पाय जिभेइतके चालले असते तर आपण आत्तापर्यंत समुद्राला पोचलो असतो. वन्संच्या मागे ती. आणि तिच्या मागे हे, सगळ्यांत शेवटी. नाव शेपूट. ते त्यांनी स्वतःच घेतलं होतं, कोणी ठेवायच्या आत. सकाळच्या बसने शेवटच्या थांब्यावर उतरायचं, कुरणांमधून जाणारी पायवाट धरायची, टेकडीच्या कडेकडेने पलीकडच्या रस्त्यावर निघायचं आणि तिकडची बस धरून परत यायचं. वाट गुरांच्या कुरणांतून जायची म्हणून मध्ये फाटकं. पहिलं गंजकं, दुसरं लाकडी, जमिनीवर घासणारं, तिसरं बिजागरी कुरकुरते म्हणून गाणारं, आणि निलगिरीच्या रांगेपाशी शेवटचं. शेवटच्या माणसाने फाटक लावायचं. लावलं की मोठ्याने सांगायचं, लागलं. मग पुढून होकायंत्रांनी म्हणायचं, चला. तोवर कोणी पाऊल उचलायचं नाही. आणि मागे वळून बघायचं नाही. हा शेवटचा नियम ह्यांचा, त्यांच्या गुडघ्याचा. "मागे बघू नका रे कोणी. तुम्ही बघितलंत की मला पळावंसं वाटतं, आणि पळालो की गुडघा शिव्या घालतो. मी येतोच आहे. मी काय पळून जाणार आहे?" वन्सं म्हणायच्या, "दादा, पळायला पाय लागतात." आणि सगळे हसायचे, समोर बघत, एकमेकांच्या पाठींना हसू दाखवत.

पाठी. किती वर्षं तिने वन्संची पाठ बघितली होती, पिशवीचा पट्टा जिथे रुततो ती जागा, मानेवरचा तीळ. आणि तिच्या पाठीकडे हे बघत असणार. तिला स्वतःची पाठ कशी दिसते ते माहीत नव्हतं, ते फक्त ह्यांना माहीत होतं. चालताना पाठीवर एक ऊब असायची. ऊब म्हणणं बरोबर नाही, थंडीतही असायची आणि उन्हातही. कोणीतरी मागे आहे याला शब्द नसतो. नसतं तेव्हा...

त्या दिवशी धुकं होतं. गाणारं फाटक गायलं, टक् झालं, "लागलं," हे म्हणाले. "चला," होकायंत्र म्हणाले. ती चालली. वन्सं कुठल्यातरी शेजारणीच्या मोतीबिंदूबद्दल बोलत होत्या आणि ती हं हं करत होती, आणि पायाखालचं गवत ओलं होतं, आणि मागे पावलं वाजत नव्हती हे तिला कळलं नाही, कारण ओल्या गवतात पावलं वाजतच नाहीत. निलगिरीपाशी सगळे थांबले. डॉक्टरांनी थर्मास उघडला. उकडलेली अंडी निघाली, मीठ निघालं. ह्यांचं अंडं तिने सोलून ठेवलं, कारण त्यांना टरफलाचा कंटाळा. अंडं हातात धरून ती उभी राहिली, समोर बघत, नियमाप्रमाणे. अंडं गार झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मी जरा बघून येतो," आणि नियम मोडला. हे फाटकाला पाठ टेकून बसले होते. टोपी गुडघ्यावर. फाटक नीट लावलेलं होतं, कडी पूर्ण आत.

नंतरचे दिवस सगळ्यांचे असतात तसेच. माणसं आली, गेली. मग एका शनिवारी वन्संचा फोन. "वहिनी, उद्या चला. नाही म्हणू नका. दादाला आवडलं नसतं." काय आवडलं नसतं ते वन्संनी सांगितलं नाही. ती गेली. रांगेत ती आपोआप वन्संच्या मागे उभी राहिली, तिची ती जागाच होती, आणि ती जागा आता शेवटची झाली होती, पण हे कोणी बोललं नाही. सगळे तिला सांभाळून घेत होते. फाटक तू लाव, वहिनी तुम्ही लावा, असं कोण म्हणणार? आणि लागलं हा शब्द तिच्याकडून मागायचा तरी कोणत्या तोंडाने? म्हणून होकायंत्र नुसते थांबायचे, मनाशी काहीतरी मोजायचे आणि दबक्या आवाजात म्हणायचे, चला. त्यांना वाटत होतं, ती न बोलता लावते. पहिल्या फाटकातून ती गेली, दोन पावलं पुढे जाऊन उभी राहिली, आणि लावायला वळणार तेवढ्यात मागे कडी बसली. टक्. लागलं. ती वळली नाही. पुन्हा पुढच्या फाटकाला तसंच. पाठीवर ती होती, ऊब. बसमधून घरी येताना ती खिडकीकडे तोंड करून बसली, कोणाला चेहरा दिसू नये म्हणून, कारण चेहऱ्यावर काय होतं ते दुःखात बसणारं नव्हतं.

आणि तिला काही कळत नव्हतं असं कसं म्हणायचं? सरकारी इस्पितळाच्या कानाच्या विभागात तिचं आयुष्य गेलं होतं. एक लहान खोली, भिंतींना जाड फोम, मध्ये काच. काचेपलीकडे पेशंट, कानाला हेडफोन, लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या; हातात बटण. काचेअलीकडे ती, मशीनवर आवाज बारीक बारीक करत नेणारी. "ऐकू आलं की दाबा. कितीही बारीक असला तरी दाबा. पण ऐकू आलं तरच. वाटलं म्हणून दाबू नका." हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेतही म्हणायची, हे चिडवायचे, "रात्रभर माझे कान तपासत होतीस." आणि तरी लोक दाबायचे. आवाज पूर्ण बंद करून ती नुसती बसून राहायची, मुद्दाम, हे तपासायला, आणि काचेपलीकडे एखादी म्हातारी डोळे मिटून, तोंडावर हसू आणून, बटण दाबायची. दाबायची, थांबायची, पुन्हा दाबायची, अगदी ठेका धरून. त्या खोटं बोलत नसत. तिने एकीला विचारलंही होतं, आत्ता काय ऐकलंत आजी? "तीच की हो. बारीक शिटी. लांबून येत होती." मशीन बंद होतं. ती अशांच्या कागदावर एक खूण करायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, न रागावता, कारण वाट बघणाऱ्या कानाला शांतता सोसत नाही, तो स्वतःच काहीतरी करून घेतो, हे तिला पुस्तकातून नाही, त्या चेहऱ्यांवरून कळलं होतं. काचेअलीकडे होती तेव्हा.

मागच्या रविवारी गाणाऱ्या फाटकाशी गुरांची मालकीण उभी होती. उंच बाई, पुरुषी बूट, हातात काठी, कपाळावर आठ्या कायमच्या. कधी लांबून हात हलवायची तेवढीच ओळख. त्या दिवशी हात हलला नाही.

"फाटकं कोण उघडी टाकतं?" ती म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही.

"आम्ही नाही," होकायंत्र म्हणाले. "आम्ही इतकी वर्षं येतो बाई. आमच्याकडे नियमच आहे."

"तुमचा नियम असेल. माझी कालवड रस्त्यावर गेली. ट्रकने पाय मोडला तिचा. शनिवारी सगळी फाटकं लावलेली असतात, रविवारी तुम्ही गेलात की उघडी. एकदा झालं, मी गप्प बसले. म्हातारी माणसं आहेत म्हटलं."

"म्हातारी कोणाला म्हणता?" वन्सं म्हणाल्या.

"मी स्वतःला पण म्हणते. कालवड उठत नाहीये."

मग डॉक्टर, बुटांकडे बघत, "शेवटी तर... वहिनी असतात." आणि त्या तिघांनी नियम मोडला, एकदम, तिघेही वळले आणि तिच्याकडे बघायला लागले. किती दिवसांनी तिने त्यांचे चेहरे कुरणात बघितले. म्हातारे झाले होते सगळे. "लावलं होतं," ती म्हणाली. "आवाज आला होता."

"झालं तर मग," वन्सं लगेच म्हणाल्या. "आमच्या वहिनी कानाच्या खात्यात होत्या. त्यांनी आवाज आला म्हटलं म्हणजे आला. वाऱ्याने उघडत असेल."

"वाऱ्याने कडी वर होत नाही," मालकीण म्हणाली. "पुढच्या रविवारपासून कुलूप घालते. तुम्ही रस्त्याने जा."

रस्त्याने म्हणजे ट्रकच्या धुळीतून. रस्त्याने म्हणजे गाणारं फाटक नाही, ते गवत नाही, ती जागा नाही. होकायंत्रांनी हात जोडले, खरोखर जोडले, तिने त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. एक रविवार द्या, म्हणाले. एक रविवार बघा, मग घाला कुलूप. मालकीण बराच वेळ काठीने गवत टोचत राहिली. "एक," ती म्हणाली. "मी वर खडकावर बसेन. मला सगळं दिसतं तिथून." बाकीचे पुढे झाले, आणि ती वन्संच्या मागे पाऊल टाकणार तोच मालकिणीने तिच्या दंडाला हात लावला. आवाज खाली आणला. "मी याआधीसुद्धा बघितलंय वरून. तुम्ही फाटकातून येता आणि दोन पावलांवर उभ्या राहता. पाठ करून. मान अशी खाली. मग चालायला लागता. फाटक तसंच असतं." ती पुढच्यांच्या पाठींकडे बघत राहिली. "त्यांना मी सांगितलं नाही," मालकीण म्हणाली. "तुमचे ते बसले होते तेव्हा धुकं होतं, नाहीतर मला दिसलं असतं. पण बाई, माझी जनावरं आहेत."

तो आठवडा असा गेला. घरातला प्रत्येक दरवाजा ती लावून बघायची, हाताने ढकलून, आणि प्रत्येक दरवाजा लागलेला असायचा, आणि तिला वाटायला लागलं की चूक मालकिणीचीच, म्हातारीला दिसत नसेल वरून, वाराच असेल. आणि मग लिफ्ट. जाळी, हातभर. मरणाची साधी गोष्ट. शनिवारी दुपारभर ती पलंगाच्या काठावर बसून राहिली. उद्या लावायचं म्हणजे काय, हात आहेत, कडी आहे, लहान मूलही लावेल. पण लावायचं म्हणजे वळायचं. वळायचं म्हणजे बघायचं. आजवर तिने बघितलं नव्हतं म्हणून ते होतं. पाठीशी, तिथे, दोन पावलांवर, टोपी घातलेलं. एकदा बघितलं की जे दिसेल तेच कायमचं दिसेल. न वळता लावता आलं असतं तर? तिने उठून स्वयंपाकघराचं दार पाठमोऱ्या हाताने लावून बघितलं. लागलं नाही. पुन्हा. पुन्हा. खालच्या मजल्यावरून कोणीतरी छतावर काठी आपटली.

सकाळ लख्ख होती. धुकं असतं तर बरं झालं असतं. बसमध्ये होकायंत्र कोणाशी बोलले नाहीत. वन्सं बोलल्या, पण मध्येच थांबायच्या आणि थांबलेलं कोणाच्या लक्षात आलं नाही असं धरून पुन्हा सुरू करायच्या. शेवटच्या थांब्यावर डॉक्टर तिच्या बाजूला आले. "वहिनी, आज हवं तर मी येतो शेवटी. मला काय, कुठूनही चाललो तरी धापच लागते." "नको," ती म्हणाली. इतक्या जोरात म्हणाली की होकायंत्रांनी मागे बघितलं आणि लगेच पुढे बघितलं. गंजक्या फाटकाशी तिने हात मागे नेला, पाठीमागे, चाचपत, कडी बोटांना लागली आणि ढकलली गेली, बसली की नाही देव जाणे. लाकडी फाटक तसं लागेना. ते जमिनीत रुतलेलं, उचलून ओढावं लागतं. ती डोळे मिटून वळली, दोन्ही हातांनी उचललं, ओढलं, कडीत बोट सापडलं, डोळे मिटलेलेच, आणि डोळे मिटूनच ती पुन्हा पुढे वळली. वर खडकावर एक ठिपका बसलेला होता. वन्संची पाठ पुढे थांबली होती, तिच्यासाठी, न वळता. होकायंत्रांनी चला म्हणायला फार वेळ लावला.

मग गाणारं फाटक. पुढचे गेले, वन्सं गेल्या, ती गेली. पहिलं पाऊल. दुसरं. ती उभी राहिली, मान खाली, हाताला ह्यांचा जुना रुमाल गुंडाळलेला, सापडलेल्या बोटाला. गवतावर दव होतं. मागे बिजागरी कुरकुरली, सावकाश, जशी गुडघा दुखणाऱ्या माणसाने फाटक ओढलं की कुरकुरते, अर्ध्यावर थांबून पुन्हा. टक्. आणि श्वास. आणि

लागलं.

इतकं स्पष्ट ते कधीच नव्हतं. त्यात किंचित खोकला होता. सकाळी त्यांना असायचा तो. पाठीवर ऊब आली, मानेपासून कमरेपर्यंत, आणि तिचं पाऊल आपोआप उचललं गेलं, कारण ऐकू आलं होतं, आणि ऐकू आलं की दाबा. तिने पाऊल हवेतच धरलं. ऐकू आलं तरच, बाई. काचेपलीकडची म्हातारी डोळे मिटून हसत होती. काचेअलीकडे कोणीच बसलेलं नव्हतं. तिथे आता तिलाच जाऊन बसायला हवं होतं. ती वळली.

फाटक सताड उघडं होतं. त्यातून पलीकडचं कुरण दिसत होतं, वाट दिसत होती, एक गाय बसून रवंथ करत होती आणि तिच्याकडे बघत होती. जिथे हे बसले होते तिथलं गवत इतर गवतासारखंच होतं. एवढंच. ती बघत राहिली. पाठीवरची ऊब आता पाठीवर नव्हती आणि समोरही नव्हती. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. रागच आला थोडा. इतके दिवस नुसतं लागलं लागलं, आणि एकदा हात लावून बघवलं नाही तुम्हाला? कालवडीचा पाय मोडला, बिचारी. मग तिने फाटकाला हात घातला, ओढून घ्यायला, आणि ओढताना थांबली. ह्यांना बाहेर ठेवून कसं लावायचं? पलीकडे गाय होती, गवत होतं, ऊन होतं, आणि हे नव्हते, हे तिला दिसत होतं. दिसत असूनही तिने फाटक पुन्हा मागे नेलं, पूर्ण, कुंपणाला टेकेपर्यंत, आणि बाजूला सरकून वाट दिली.

"तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली. "आज मी शेवटी."

एका गुडघ्याने अधू माणसाला तिथून यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिने दिला. घाई केली नाही. वरचा ठिपका उठून उभा राहिला होता, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. मग तिने फाटक ओढलं. बिजागरी गायली नाही, एकदाच घोगरं किंचाळली आणि गप्प झाली. कडी बसेना, तळहाताने ठोकावी लागली, बसली तेव्हा टक् झालं नाही, एक जाड, ओलसर, कोणालाही सांगता येणार नाही असा आवाज झाला. खरा आवाज हा. इतके दिवस तिने याहून किती चांगला ऐकला होता. तिने फाटक हलवून बघितलं. दोनदा. मग पुढे तोंड करून,

"लागलं."

आवाज फुटला. पुढे कोणी वळलं नाही, पण वन्संचे खांदे हलायला लागले, आणि डॉक्टरांनी टोपी काढून पुन्हा घातली. होकायंत्र काही म्हणेनात. म्हणेचनात. शेवटी वन्संच नाक ओढत ओरडल्या, "चला म्हणा की हो, की इथेच मुक्काम करायचाय?" आणि होकायंत्र म्हणाले, "चला."

रांग निघाली. होकायंत्र, डॉक्टर, वन्सं. वन्संच्या मागे तिने जागा सोडली, एक माणूस मावेल इतकी, आणि ती जागा जितकी हळू चालेल तितकी हळू ती चालायला लागली. आता तिच्या मागे खरोखर कोणी नव्हतं. तिला ते पाठीवर कळत होतं, उघड्या खिडकीसमोर बसल्यासारखं, वारा सरळ पोचत होता. निलगिरीपाशी फाटक आलं. वन्सं पलीकडे गेल्या. ती थांबली, मोकळ्या जागेला जाऊ दिलं, मग गेली, वळली, लावलं, हलवून बघितलं, सांगितलं. पलीकडे थर्मास उघडला होता आणि अंडी निघाली होती, आणि ती तिकडे चालत गेली, समोरच्या त्या जागेकडे बघत, ऊन त्या जागेच्या आरपार जात होतं तरी बघत. त्या जागेने एकदा तरी वळून बघावं असं तिला फार वाटलं. पण पुढच्याने मागे बघायचं नाही, हा नियम ह्यांचाच होता, आणि ह्यांनी तो आयुष्यात कधी मोडला नव्हता.